जोखमीच्या संशोधनाला सरकारी पैसा : 'आर्पा-ई'ची कल्पना आणि तिच्यातील उणीव

एखादा संशोधक सरकारी खात्यापुढे उभा राहून सांगतो, "माझी कल्पना यशस्वी होण्याची शक्यता दहात एक आहे. पण ती साधली तर वीज साठवण्याची पद्धतच बदलेल." सरकारने त्याला पैसे द्यावेत का?

प्रश्न साधा दिसतो. उत्तर द्यायला बसले की अडचण कळते. पैसे दिले आणि प्रयोग फसला, तर लेखापरीक्षक विचारणार की जनतेचा पैसा कुठे गेला. पैसे दिलेच नाहीत, तर तो प्रयोग कधी होणारच नाही आणि आपण काय गमावले हे कोणालाही कळणार नाही. पहिल्या चुकीचा कागद फायलीत राहतो. दुसऱ्या चुकीचा कागदच नसतो. म्हणून जगभरची सरकारी खाती दुसरी चूक करणे पसंत करतात.

ऊर्जेच्या क्षेत्रात ही कोंडी फोडण्यासाठी अमेरिकेने एक खास संस्था काढली. तिचे नाव 'अॅडव्हान्स्ड रिसर्च प्रोजेक्ट्स एजन्सी – एनर्जी', थोडक्यात 'आर्पा-ई'. तिची शिफारस २००५ मध्ये झाली, कायदा २००७ मध्ये झाला आणि कामाला सुरुवात २००९ मध्ये झाली. आता तिच्या हातून झालेले आणि न झालेले असे दोन्ही पाहता येते. आपल्याकडेही अशी संस्था हवी असे अधूनमधून म्हटले जाते, म्हणून या कल्पनेची तपासणी करणे उपयोगाचे आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो. या कल्पनेचा पहिला अर्धा भाग, म्हणजे जोखीम पत्करण्याची रीत, भक्कम आहे. दुसरा अर्धा भाग, म्हणजे यश मिळाल्यावर पुढे काय, हा संरक्षण खात्याकडून उसना घेतलेला आहे आणि तो ऊर्जेला नीट बसत नाही.

स्पुटनिकचा धक्का

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. अमेरिकेला तो मोठा धक्का होता. पुन्हा असे बेसावध सापडायचे नाही, या हेतूने फेब्रुवारी १९५८ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यात 'आर्पा' ही छोटी संस्था स्थापन झाली. १९७२ साली तिच्या नावाआधी 'डिफेन्स' हा शब्द लागला आणि ती 'डार्पा' झाली. इंटरनेटचे पूर्वज असलेले 'आर्पानेट' हे संगणकांचे जाळे १९६९ मध्ये याच संस्थेच्या पैशातून उभे राहिले.

डार्पाचे वेगळेपण तिच्या रचनेत आहे. तिची स्वतःची प्रयोगशाळा नाही. सुमारे शंभर 'प्रोग्रॅम मॅनेजर' हा तिचा कणा. ते विद्यापीठांतून आणि उद्योगांतून तीन ते पाच वर्षांसाठी येतात आणि मुदत संपली की परत जातात. प्रत्येकाला एक प्रश्न, त्यासाठी पैसा आणि भरपूर मोकळीक मिळते.

या मोकळिकीचे महत्त्व शिक्षकांना गुणपत्रकाच्या उदाहरणाने चटकन कळेल. समजा, एका प्रस्तावाला पाच परीक्षक दहापैकी गुण देतात. प्रस्ताव साधा आहे. पाचही जण सात गुण देतात, सरासरी सात. दुसरा प्रस्ताव विलक्षण आहे. तिघांना तो अप्रतिम वाटतो, ते नऊ-नऊ गुण देतात. दोघांना तो अशक्य वाटतो, ते दोन-दोन देतात. सरासरी सहा पूर्णांक दोन दशांश. समिती पहिल्या प्रस्तावाला पैसे देते. परीक्षक वाईट होते किंवा कोणी पक्षपात केला असे काहीच घडलेले नाही. सरासरी काढण्याच्या क्रियेनेच विलक्षण कल्पना बाद केली. डार्पाच्या पद्धतीत जाणकार माणूस परीक्षकांची मते ऐकतो, पण निर्णय सरासरीवर सोडत नाही.

वादळाचा अहवाल

२००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी, संसद सदस्यांच्या विनंतीवरून, देशाच्या वैज्ञानिक भवितव्याविषयी एक अहवाल तयार केला. 'रायझिंग अबव्ह द गॅदरिंग स्टॉर्म' हे त्याचे नाव, म्हणजे 'दाटून येणाऱ्या वादळावर मात'. लॉकहीड मार्टिन या कंपनीचे निवृत्त प्रमुख नॉर्मन ऑगस्टीन हे समितीचे अध्यक्ष होते. पुढे ऊर्जामंत्री झालेले नोबेल विजेते भौतिकीतज्ज्ञ स्टीव्हन चू हे एक सदस्य होते.

या अहवालाची पहिली शिफारस शिक्षकांविषयी होती, ही गोष्ट आपण लक्षात ठेवू. दर वर्षी दहा हजार नवे विज्ञान व गणित शिक्षक शिष्यवृत्त्या देऊन घडवावेत, असे तिच्यात म्हटले होते. संशोधनाविषयीच्या शिफारशींमध्ये आर्पा-ईचा प्रस्ताव होता. डार्पाच्या धर्तीवर ऊर्जा खात्यात एक संस्था काढावी, पहिल्या वर्षी तिला ३० कोटी डॉलर द्यावेत आणि पाच-सहा वर्षांत ही रक्कम वर्षाला १०० कोटी डॉलरपर्यंत न्यावी, असा तो प्रस्ताव.

या मुद्द्यावर समितीत एकमत झाले नाही. एक्सॉनमोबिल या तेल कंपनीचे त्या वेळचे प्रमुख ली रेमंड यांनी आपला विरोध नोंदवला. त्यांचे आक्षेप दोन होते. पहिला, ऊर्जा संशोधनाला सरकार आणि खासगी उद्योग पुरेसा पैसा देतच आहेत. दुसरा, कोणते तंत्रज्ञान जिंकणार हे ठरवणे सरकारचे काम नाही, ते बाजारावर सोडावे.

कोणत्याही कल्पनेचे मूल्यमापन करताना तिच्या विरोधकाचे म्हणणे नीट तपासावे लागते. रेमंड यांच्या पहिल्या आक्षेपाचे उत्तर गंमत म्हणजे त्यांच्याच कंपनीच्या इतिहासात आहे. १९७०च्या दशकात तेलाचे भाव भडकले तेव्हा एक्सॉनने स्टॅन्ली व्हिटिंगहॅम या तरुण रसायनतज्ज्ञाला संशोधनाची मोकळीक दिली. त्यांनी टायटॅनियम डायसल्फाइडच्या थरांमध्ये लिथियमचे आयन शिरतील आणि बाहेर पडतील असा विद्युतघट बनवला. आज मोबाइलपासून मोटारीपर्यंत सर्वत्र असलेल्या लिथियम-आयन बॅटरीची ही पहिली पायरी. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तेल स्वस्त झाले, कंपनीला खर्च कमी करायचा होता, आणि हे काम थांबले. पुढची पावले इतरांनी टाकली. ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांनी १९८० साली कोबाल्ट ऑक्साइडचा धनाग्र दिला. जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी १९८५ साली व्यवहारात चालेल असा घट बनवला. सोनीने १९९१ साली तो बाजारात आणला. तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

खासगी कंपनी जोखमीचे संशोधन करते, पण ते तेलाच्या भावाबरोबर चढते आणि उतरते. वीस वर्षे लागणाऱ्या कामाला असा आधार पुरत नाही. तेव्हा पहिला आक्षेप टिकत नाही. दुसऱ्या आक्षेपाकडे मात्र पुन्हा यावे लागेल, कारण त्यात तथ्य आहे.

संस्था प्रत्यक्षात आली

राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी ऑगस्ट २००७ मध्ये कायद्यावर सही केली, पण पैसे दिले गेले नाहीत. पहिली मोठी रक्कम, ४० कोटी डॉलर, ओबामांच्या काळात २००९ च्या मंदी-निवारण कायद्यातून आली. पहिले संचालक म्हणून अरुण मजुमदार आले. पवईच्या आयआयटीतून १९८५ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर होऊन ते अमेरिकेला गेले होते.

पहिल्याच आवाहनाला सुमारे ३,७०० प्रस्ताव आले. त्यांतून ३७ निवडले गेले आणि त्यांना मिळून १५ कोटी १० लाख डॉलर देण्यात आले. म्हणजे शंभरात एक. इतक्या कल्पना पैशावाचून पडून होत्या, हेही रेमंड यांच्या पहिल्या आक्षेपाला उत्तरच आहे.

कामाची पद्धत अशी. एका प्रकल्पाला साधारण पाच लाखांपासून एक कोटी डॉलरपर्यंत रक्कम आणि एक ते तीन वर्षांची मुदत. दर तीन महिन्यांनी ठरलेल्या टप्प्यांवर तपासणी. टप्पा गाठला नाही तर उद्दिष्ट बदलायचे किंवा काम थांबवायचे. मला या संस्थेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. सरकारी अनुदान एकदा सुरू झाले की मुदत संपेपर्यंत चालते, मग प्रयोग मेला असला तरी हरकत नाही. इथे थांबवणे ही नेहमीच्या कामाची एक पायरी आहे, त्यात कोणाची नाचक्की नाही.

जोखमीचा हिशेब एका प्रकल्पावर कधीच करता येत नाही. वर्गात हे सोप्या आकड्यांनी दाखवता येईल. दहा प्रकल्पांना एक-एक रुपया दिला, नऊ बुडाले आणि एकाने तीस रुपये दिले, तर दहाचे तीस झाले. दहा सुरक्षित प्रकल्पांनी प्रत्येकी सव्वा रुपया दिला, तर दहाचे साडेबारा झाले. पहिल्या पद्धतीत नव्वद टक्के अपयश आहे आणि तरीही ती सरस आहे. पण त्यासाठी दहा प्रकल्प घ्यावे लागतात, आणि नऊ अपयशे पाहून घाबरायचे नाही, असे आधी ठरवावे लागते.

हे ठरवणे राजकारणात अवघड असते. सोलिंड्रा ही सौर कंपनी सप्टेंबर २०११ मध्ये बुडाली. तिला ऊर्जा खात्याने ५३ कोटी ५० लाख डॉलरच्या कर्जाची हमी दिली होती. या हमीचा आर्पा-ईशी काही संबंध नव्हता. एक योजना कारखान्याला कर्ज देते, दुसरी कल्पनेला अनुदान. तरीही 'सरकारने ऊर्जेत पैसे बुडवले' या एका वाक्यात दोन्ही गोष्टी कोंबल्या गेल्या. २०१७ पासून ट्रम्प सरकारने आर्पा-ई बंद करण्याचा प्रस्ताव वर्षानुवर्षे मांडला. संसदेने तो फेटाळला आणि उलट पैसे वाढवले. मात्र अहवालातला १०० कोटी डॉलरचा आकडा कधीच गाठला गेला नाही. २०२३ च्या आर्थिक वर्षातही रक्कम ४७ कोटी डॉलर होती.

गिऱ्हाईक कुठे आहे?

आता कल्पनेच्या उसन्या भागाकडे येऊ.

डार्पाच्या यशाचे श्रेय तिच्या प्रोग्रॅम मॅनेजरांना दिले जाते, पण तिच्यामागे आणखी एक गोष्ट उभी असते. तिचे गिऱ्हाईक ठरलेले आहे. शत्रूच्या रडारला न दिसणारे विमान बनले, तर ते विकत घेणारे सैन्य त्याच खात्यात बसलेले आहे. ते विमान जुन्या विमानापेक्षा दहापट महाग असले तरी चालते, कारण ते असे काही करते जे जुने करूच शकत नाही.

ऊर्जेचे तसे नाही. घरातला दिवा लावताना ती वीज कोळशाची, पाण्याची की नव्या चमत्कारी यंत्राची, हे दिव्याला कळत नाही आणि आपल्यालाही कळत नाही. नवे यंत्र जी वस्तू देते, तीच वस्तू जुने यंत्र आधीपासून देत असते, आणि तेही स्वस्तात. शिवाय जुन्या यंत्राचे कारखाने, तारा, कारागीर आणि कर्जे सगळे जागच्या जागी असते. म्हणून ऊर्जेतल्या शोधाला पहिल्या दिवसापासून किमतीच्या शर्यतीत धावावे लागते. विकत घेणारे सैन्य त्याच्यामागे नसते.

याचा परिणाम काय होतो, हे एका यादीवरून पाहता येते. फेब्रुवारी २०११ मध्ये आर्पा-ईच्या वतीने सहा प्रकल्पांची यादी जाहीर झाली. संस्थेने या सहांना मिळून २ कोटी ३६ लाख डॉलर दिले होते, आणि त्यानंतर खासगी गुंतवणूकदारांनी त्यांत १० कोटींहून अधिक डॉलर घातले. कल्पना फळाला येत आहे, याचा पुरावा म्हणून ही यादी मांडली गेली. त्यांतल्या दोन प्रकल्पांचे पुढे काय झाले ते पाहू.

पहिली कंपनी '१३६६ टेक्नॉलॉजीज'. हे नाव सौरस्थिरांकावरून घेतले आहे. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर, सूर्यकिरणांना काटकोनात ठेवलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर पडणारी सौरशक्ती १,३६६ वॅट मानली जात असे. नव्या मोजमापांनुसार ती सुमारे १,३६१ वॅट आहे. सौरघटासाठी सिलिकॉनच्या पातळ चकत्या लागतात. सिलिकॉनचा ठोकळा तारेच्या करवतीने कापून त्या काढतात. सुताराच्या करवतीखाली भुसा पडतो तसा इथेही पडतो, आणि त्यात जवळजवळ निम्मे शुद्ध सिलिकॉन वाया जाते. या कंपनीची कल्पना अशी की, वितळलेल्या सिलिकॉनवरून चकतीच थेट उचलायची. करवत नको, भुसाही नको. कल्पना सुंदर होती आणि ती प्रत्यक्षात चाललीही. आर्पा-ईने तिला ४० लाख डॉलर दिले होते.

पण २००८ मध्ये किलोला ४०० डॉलरच्या आसपास गेलेला शुद्ध सिलिकॉनचा भाव चार-पाच वर्षांत २० डॉलरच्या खाली आला. सोने वाया जात असेल तर भुसा वाचवणाऱ्याची किंमत मोठी, मीठ वाया जात असेल तर फारशी नाही. चीनमधले कारखाने इतक्या वेगाने वाढले की साध्या करवतीची जुनी पद्धतच स्वस्त होत गेली. या कंपनीने २०१५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात कारखाना जाहीर केला, तो पुढे रद्द झाला. २०२१ मध्ये ती दुसऱ्या एका कंपनीत विलीन झाली.

दुसरी कंपनी 'सन कॅटॅलिटिक्स'. एमआयटीचे डॅनियल नोसेरा यांच्या 'कृत्रिम पाना'साठी ती ओळखली गेली. सिलिकॉनच्या पट्टीवर स्वस्त उत्प्रेरकांचे थर द्यायचे, ती पाण्यात बुडवून उन्हात ठेवायची, की पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात. विज्ञानाच्या दृष्टीने हे देखणे काम होते. पण असा हायड्रोजन बाजारातल्या हायड्रोजनपेक्षा स्वस्त पडेना. कंपनीने पानाचे काम बाजूला ठेवले, ती बॅटरीकडे वळली आणि २०१४ मध्ये लॉकहीड मार्टिनने तिला विकत घेतले.

या यादीबाहेरचे एक उदाहरणही सांगण्यासारखे आहे. एमआयटीचेच डोनाल्ड सॅडोवे यांनी अॅल्युमिनियम वितळवण्याच्या भट्टीवरून स्फूर्ती घेऊन द्रव धातूंची बॅटरी कल्पिली. वरचा द्रव एक धातू, खालचा द्रव दुसरा धातू, मध्ये वितळलेले क्षार. घनतेच्या फरकामुळे तीन थर आपोआप वेगळे राहतात. २००९ मध्ये आर्पा-ईने या कामाला सुमारे ७० लाख डॉलर दिले. 'अॅम्ब्री' ही कंपनी निघाली. दरम्यान मोटारींमुळे लिथियम-आयन बॅटरीचे उत्पादन प्रचंड वाढले आणि २०१० च्या तुलनेत तिची किंमत तेरा-चौदा वर्षांत जवळजवळ नव्वद टक्क्यांनी उतरली. मे २०२४ मध्ये अॅम्ब्रीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

या तिन्ही गोष्टींत विज्ञान फसलेले नाही, हे लक्षात घ्या. प्रतिस्पर्धी वस्तू स्वस्त झाली, आणि ती प्रयोगशाळेतल्या एखाद्या मोठ्या झेपेने झाली असेही नाही. जर्मनीने २००० सालच्या कायद्याने सौर विजेला वीस वर्षांचा ठरलेला भाव दिला. त्यामुळे मागणी आली. चीनने कारखाने उभारले. लाखो चकत्या कापता कापता प्रत्येक वेळी थोडा खर्च वाचला. असे थोडे थोडे वाचून सौर पॅनेलची किंमत दहा वर्षांत नव्वद टक्क्यांच्या आसपास घसरली. करून करून शिकण्याने जे घडते, ते शोधाने घडणाऱ्या गोष्टीपेक्षा कमी क्रांतिकारक नसते. अहवालाच्या कर्त्यांनी शोधाचा विचार बारकाईने केला, पण करून शिकण्याचा विचार पुरेसा केला नाही. त्यांच्या मनात आर्पानेट होते. करवतीची तार नव्हती.

रेमंड यांच्या दुसऱ्या आक्षेपातले तथ्य ते हेच. आर्पा-ई विजेता ठरवत नाही, ती फक्त शर्यतीत उतरणारे निवडते, आणि तेही स्वस्तात व पुष्कळ. इथपर्यंत आक्षेप चुकीचा आहे. पण शर्यतीचे मैदान कोणी आखायचे, हा प्रश्न ती सोडवू शकत नाही, आणि ते मैदान फक्त बाजाराने आखलेले नसते. जर्मनीचा कायदा आणि चीनचे औद्योगिक धोरण, दोन्ही सरकारीच होती.

यश मोजायचे कसे?

राष्ट्रीय अकादमींनी २०१७ मध्ये आर्पा-ईची तपासणी केली. संस्था अपयशी ठरत नाही, तिची रचना बदलण्याची गरज नाही, आणि क्रांतिकारक परिणाम दिसायला अजून वेळ लागेल, असा निष्कर्ष निघाला. सुमारे निम्म्या प्रकल्पांनी शोधनिबंध प्रसिद्ध केले होते, सुमारे १३ टक्क्यांना पेटंट मिळाली होती, आणि सुमारे एक चतुर्थांश प्रकल्पांना पुढच्या कामासाठी दुसरीकडून पैसे मिळाले होते.

याहून उद्बोधक अभ्यास २०२० मध्ये 'नेचर एनर्जी' या नियतकालिकात आला. त्यात संस्थेने पैसे दिलेल्या नवोदित कंपन्यांची तुलना तशाच इतर कंपन्यांशी केली होती. अर्ज करूनही पैसे न मिळालेल्या कंपन्या त्यांत होत्या. पैसे मिळालेल्यांनी जवळजवळ दुप्पट पेटंट घेतली. पण व्यवसायात तग धरणे, मोठी गुंतवणूक मिळवणे किंवा चांगल्या भावाला विकले जाणे, यांत त्या स्पष्टपणे पुढे असल्याचे दिसले नाही.

हा निष्कर्ष आपल्या युक्तिवादाशी जुळतो. शोधाच्या टप्प्यावर मदत केली तर शोध वाढतात. बाजाराच्या टप्प्यावर मदत केली नाही, तर बाजारातले यश वाढत नाही. संस्थेलाही हे उमगले आहे. २०१९ च्या अखेरीस तिने पूर्वीच्या आश्वासक प्रकल्पांना मोठ्या प्रमाणावर उत्पादन करून पाहण्यासाठी वेगळा कार्यक्रम सुरू केला. पण वर्षाला चाळीस-पंचेचाळीस कोटी डॉलरमध्ये किती कारखाने उभे राहणार?

याचा अर्थ संस्था निरुपयोगी आहे असा नाही. 'फॉर्म एनर्जी' या कंपनीला २०१८ मध्ये तिचे पैसे मिळाले. या कंपनीच्या बॅटरीत लोखंड हवेतल्या ऑक्सिजनने गंजते आणि वीज मिळते. वीज भरली की गंजाचे पुन्हा लोखंड होते. चार-सहा तासांऐवजी शंभर तास वीज पुरवणे हे तिचे उद्दिष्ट आहे. वेस्ट व्हर्जिनियातील वेर्टन येथे जुन्या पोलाद कारखान्याच्या जागेवर तिचा कारखाना उभा राहिला. इथे लिथियम बॅटरीशी थेट शर्यत नाही, कारण शंभर तासांसाठी लिथियम बॅटरी परवडत नाही. आजवर नसलेले काही देणाऱ्या तंत्रज्ञानाला आर्पा-ईचा पैसा लागू पडतो. तीच वस्तू थोडी स्वस्त देणाऱ्याला तो फारसा वाचवू शकत नाही.

आपल्याकडचा अनुभव

भारताने अशी संस्था काढावी का? त्याआधी आपणच केलेला एक प्रयोग आठवू. २०१० च्या अर्थसंकल्पात दगडी कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसला. त्यातून 'राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी' उभारायचा आणि स्वच्छ ऊर्जेतील संशोधनाला व नावीन्यपूर्ण प्रकल्पांना पैसा द्यायचा, असे ठरले. २०१६ पर्यंत हा उपकर ४०० रुपयांवर गेला. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तो राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळवला गेला. तोवर सुमारे ८६,४०० कोटी रुपये जमले होते. त्यांतले सुमारे २९,६०० कोटी निधीत आले आणि सुमारे १५,९०० कोटी प्रकल्पांना मिळाले. गंगा स्वच्छतेसारख्या, चांगल्या पण वेगळ्या कामांनाही त्यांतून पैसा गेला.

आपल्याकडे पैसा नव्हता असे म्हणता येणार नाही. ३,७०० प्रस्ताव वाचून ३७ निवडणारी, त्यांच्या मागे लागणारी आणि वेळ आली की थांबवणारी माणसे नेमलेली नव्हती. निधी ही तिजोरी असते. ती स्वतः निवड करत नाही.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने संशोधन, विकास आणि नवोन्मेष यांसाठी एक लाख कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. तिच्यातून कमी किंवा शून्य व्याजाची दीर्घ मुदतीची कर्जे मिळतील आणि तंत्रज्ञान-सज्जतेच्या नऊ पायऱ्यांपैकी चौथ्या किंवा त्यापुढच्या पायरीवर पोचलेल्या कामांना ती मिळतील. ही योजना आर्पा-ईच्या पुढच्या टप्प्यावरची आहे, म्हणजे अमेरिकेत जिथे फट राहिली, तिथे आपण पैसा ठेवला आहे. पण पहिल्या तीन पायऱ्यांवरच्या धाडसी कल्पनेला कर्ज काय कामाचे? दहात एक शक्यता असलेल्या प्रयोगासाठी शहाणा माणूस कर्ज घेत नाही. तिथे अनुदानच लागते, आणि ते बुडण्याची तयारी लागते. दोन्ही टप्पे जोडले नाहीत, तर अमेरिकेत जिना वर तुटला, आपला खाली तुटेल.

पहिली शिफारस

शेवटी २००५ च्या अहवालाच्या पहिल्या शिफारशीकडे वळू. त्याच समितीच्या सदस्यांनी २०१० मध्ये पुन्हा आढावा घेतला, तेव्हा पाच वर्षांत देशाची स्थिती सुधारण्याऐवजी बिघडली आहे आणि शालेय शिक्षण सुधारलेले नाही, असे त्यांना नमूद करावे लागले. आर्पा-ई निघाली, तिचे नाव झाले. शिक्षकांची शिफारस तितक्या जोमाने पुढे गेली नाही. नवे खाते काढले की बातमी होते. दहा हजार वर्गांत चांगला शिक्षक गेला तर बातमी होत नाही.

मला हे दोन्ही एकाच धाग्यातले वाटते. 'हा प्रयोग चालत नाही, थांबवू या' असे मोकळेपणाने म्हणणारा माणूस ही या संस्थेची खरी गरज आहे. असा माणूस कुठे तयार होतो? आपल्या शाळांतल्या प्रयोगवह्या उघडून पाहा. साध्या लंबकाच्या प्रयोगात वर्गातल्या चाळीसही मुलांचे गुरुत्वत्वरण ९८० च्या अगदी जवळ आलेले असते. दोऱ्याची लांबी वेगळी, घड्याळे वेगळी, मोजणारे हात वेगळे, तरी उत्तर एक. पुष्कळदा उत्तर आधी लिहिलेले असते आणि निरीक्षणे त्यावरून मागे मोजत नेलेली असतात, कारण चुकलेल्या निरीक्षणाला गुण नाहीत. या वह्यांतून वर आलेला अधिकारी उद्या जोखमीच्या संशोधनाचे प्रस्ताव वाचायला बसला, तर तो कोणता प्रस्ताव निवडेल? आणि त्याने पैसे दिलेल्या प्रकल्पांचे अहवाल कसे असतील? सगळे यशस्वी.

या वर्षी निदान एका प्रयोगात ९१० किंवा १,०४० असे उत्तर आणणाऱ्या मुलाला, त्याने फरकाचे कारण शोधून लिहिले असेल तर, पूर्ण गुण देऊन पाहावेत. त्यासाठी कोणत्याही खात्याची मंजुरी लागत नाही.